शंभर टक्क्यांतली अकरा घरं

गावाचं नाव काही मी सांगणार नाही. सांगितलं की उद्या चौकशी लागायची, आणि रत्नाच्या नावावर एक नोटीस आधीच आहे, तेवढी पुरे. कळंबपासून आत वळून घोड नदीच्या अंगाला लागलं की रस्त्यावर एक मोठा फ्लेक्स दिसतो. ‘शंभर टक्के डिजिटल ग्राम, तालुक्यात प्रथम.’ त्यावर सरपंच सयाजीराव आहेत, ग्रामसेवक सुनील म्हणजे भाऊसाहेब आहेत, आणखी सात-आठ जण हात जोडून उभे आहेत. रत्ना त्यात नाही. ते बरंच झालं म्हणा, कारण तो फ्लेक्स दिसला की तिचं डोकं उठतं.

रत्ना त्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. गावात कुणी जन्मलं, कुणी गेलं, कुणाचं लग्न झालं, कुणाला दाखला पाहिजे झाला, की ते सगळं तिच्या बोटांखालून जातं. अकरा वर्षं झाली. लग्न होऊन आली तेव्हा बारावी आणि एमएससीआयटी एवढीच शिदोरी होती, ती पुरली. गावातली माणसं तिला कॉम्प्युटरवाली वहिनी म्हणतात. तोंडाची जरा फटकळ आहे, पण एखाद्या म्हातारीला दोनदा हेलपाटा पडला तर हिलाच घास गोड लागत नाही.

ऑफिस म्हणजे एक खोली. छत गळतं, म्हणून पावसाळ्यात कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कागदाखाली आणि रत्ना छत्रीखाली. गळतीचे तीन अर्ज तिनं तालुक्याला धाडले, कुणी फिरकलं नाही. प्रिंटरचा एक पाय मोडलाय, त्याखाली तिनं जुनं हालचाल रजिस्टर सारलंय. पूर्वी भाऊसाहेब बाहेर निघाले की त्यात लिहायचे, कुठं चाललो, कधी निघालो, कधी परत येणार. आता हजेरी मोबाईलवर लागते, रजिस्टर निम्मं कोरं राहिलं, निदान प्रिंटरला तरी कामी आलं.

तर मागच्या हिवाळ्यात वरून ‘डिजिटल कुटुंब नोंद’ आली. प्रत्येक घरी जायचं, घरातली सगळी माणसं दारात उभी करायची, दार आणि माणसं एकाच फोटोत घ्यायची, फोटो कुठं काढला ते मोबाईल आपोआप सांगणार. मग आधार, फोन नंबर, आणि झालं कुटुंब डिजिटल. चांगली गोष्ट आहे, नाही कोण म्हणतंय? एकदा नोंद झाली की दाखला पाच मिनिटांत. रत्नानं उत्साहानं गाव पायाखाली घातलं. उसाच्या फडात जाऊन माणसं घरी आणली, फोटो काढले, परत फडात सोडली.

पण रोज सकाळी दहाला तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी पडायची. सगळी गावं, पुढं टक्का, टक्क्याला रंग. पूर्ण शंभर म्हणजे हिरवा, त्याखाली पिवळा, आणि एकतीस मार्चनंतर जे पिवळं राहील ते लाल. यादी पडली की पाच मिनिटांत भाऊसाहेबांचा फोन वाजायचा, आणि भाऊसाहेबांचा ठेवला की रत्नाचा. गावात घरं चारशे बारा. झाली चारशे एक. टक्का सत्त्याण्णव पूर्णांक तेहतीस. तिथं जे अडकलं ते हलेना.

राहिलेली अकरा घरं माळावरच्या धनगरवस्तीची. तिथली माणसं दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं कोकणात उतरतात आणि जेठात परत येतात. ही काय आजची गोष्ट नाही. पण फॉर्ममध्ये खाने तीनच. ‘पूर्ण’, ‘प्रलंबित’ आणि ‘कायम स्थलांतरित’. जाऊन परत येणाऱ्याला जागाच नाही. रत्नानं मदत केंद्राला रीतसर तक्रार टाकली, चौथा खाना द्या, तात्पुरते बाहेर म्हणून. तीन दिवसांनी उत्तर आलं, ‘तक्रार निकाली. उपलब्ध पर्यायांपैकी योग्य पर्याय निवडावा.’ तिकडं ती तक्रार हिरव्यात मोजली गेली असणार, वेळेत निकाली म्हणून.

एकोणतीस मार्चला भाऊसाहेब खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. माणूस वाईट नाही हां. दोन गावं सांभाळतो, दोन्हीकडच्या शिव्या खातो.

“वहिनी, ती अकरा कायम स्थलांतरितमध्ये टाका.”

“भाऊसाहेब, ते येतात की जेठात.”

“येतात ते तुम्हाला माहीत, मला माहीत. कॉम्प्युटरला माहीत आहे का? कायम टाकली की ती घरं मोजणीतूनच जातात. चारशे एकपैकी चारशे एक. छेद कमी होतो, बघा.”

“आणि आल्यावर?”

“आल्यावर बघू. आज वरून तीन फोन आले मला.”

आता खरं सांगायचं तर रत्नाला त्या घडीला बाळाबाई दिसली होती. धनगरवस्तीतली बाळाबाई, सत्तरीच्या पुढची, तिच्या घरची मेंढरं दरसाल जेठात रत्नाच्याच वावरात बसतात. चार-पाच दिवस कळप वावरात कोंडायचा, लेंडीखत पडतं, जमीन पोसते, बदल्यात धान्य द्यायचं. रत्नाची सासू कुशाबाई नवरी होऊन आली त्याच्या आधीपासून हे चालू आहे. एवढं ठाऊक असून रत्नानं बटण दाबलं. अकरा वेळा दाबलं. प्रत्येक वेळी कॉम्प्युटरनं विचारलं, ‘खात्री आहे?’ आणि तिनं प्रत्येक वेळी हो म्हटलं. तिलाही त्या दहाच्या फोनचा वीट आला होता.

दुसऱ्या दिवशी गाव हिरवं. एक मे रोजी सत्कार, शाल, श्रीफळ, फ्रेममधलं सन्मानपत्र. फ्रेम ऑफिसात आली तेव्हा टांगायला खिळा नव्हता, म्हणून ती कपाटाला टेकवून ठेवली.

जेठ लागला आणि माळावर घोडी दिसायला लागली. दोन दिवसांत बाळाबाईचा कळप रत्नाच्या वावरात येऊन बसला. सकाळी कुशाबाईनं त्यांना भाकरी धाडल्या. आणि अकराच्या सुमारास बाळाबाई नातीला घेऊन ग्रामपंचायतीत हजर. नात दिशा, तिच्या लेकाची, म्हस्कूची पोरगी, कळंबला मामाकडं राहून बारावी झालेली. वस्तीतली बारावी झालेली ती पहिलीच.

“रत्ना, दिशीचं काम व्हतं बग,” बाळाबाई खाली फरशीवर टेकली. “नर्शिंगला नंबर लागलाय पुन्याला. ऱ्हायला सरकारी हॉस्टेल मिळतंय. तेवडा कागूद दे.”

दिशानं कागद पुढं केला. कुटुंब नोंदीचा दाखला, कोड छापलेला, गावात पंधरा वर्षं वास्तव्य असल्याचा. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत वेबसाईटवर चढवायचा. आज बुधवार.

“हॉस्टेल नाही मिळालं तर?” रत्नानं विचारलं.

“तर काय, आण्णा म्हणले मेंढरं हायेतच,” दिशा म्हणाली. ती हसली नाही.

रत्नानं नाव टाकलं. पडद्यावर आलं, ‘सदर कुटुंब या ग्रामपंचायत हद्दीत वास्तव्यास नाही.’ तिला माहीत होतं हेच येणार. तरी तिनं परत टाकलं, एखादा माणूस हरवलेली वस्तू त्याच कोनाड्यात परत परत बघतो तसं. परत तेच.

“काय म्हनतंय?” बाळाबाईनं विचारलं.

दिशानं वाचून दाखवलं.

“आमी न्हाई ऱ्हात?” म्हातारी इकडं तिकडं बघायला लागली. “आगं, मेंढरं तुज्याच वावरात हायेत की.”

रत्नाला तोंड लपवायला जागा नव्हती. “मावशी, उद्यापर्यंत करते काहीतरी,” एवढं ती बोलली. ‘ते मीच केलंय’ हे तिच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. त्याचा तिला पुढं दिवसभर राग येत होता, स्वतःचाच.

दुपारी भाऊसाहेब आले. रत्नानं सांगितलं, दुरुस्ती टाकायची. दुरुस्ती होती, अगदी नव्हती असं नाही. पण ती टाकली की अकरा घरं परत मोजणीत येणार, गाव सत्त्याण्णव पूर्णांक तेहतीसवर जाणार, आणि मुदत संपलेली म्हणून थेट लाल.

“वहिनी, अहो सत्कार झालाय,” भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. “तालुक्यानं वर कळवलंय. आता आपणच लिहून द्यायचं की आम्ही खोटं भरलं होतं?”

“मग पोरीनं काय करायचं?”

“नवीन कुटुंब म्हणून भरा ना. नवीन आलेले. टक्का पण जात नाही.”

हेही करून बघितलं. दुसऱ्या दिवशी बाळाबाई आणि दिशा आल्या, तेव्हा रत्नानं नवीन कुटुंबाचा फॉर्म भरून दाखला छापण्याआधीचा नमुना पडद्यावर काढला. दिशा वाकून वाचत होती. ‘पुत्र शून्य, सून शून्य’ असं काहीबाही आलं नाही ना, हे बाळाबाई विचारत होती, कारण एकदा रेशनकार्डावर तसं झालं होतं. नावं सगळी बरोबर होती. शेवटच्या ओळीवर दिशा थांबली.

“गावातील वास्तव्य, चार दिवस.”

“किती?”

“चार दिवस, आजी.”

बाळाबाई म्हणाली, “माजी सासू हितल्याच मातीत गेली. म्हस्कू त्या माळाव जल्मला. तुज्या सासूला इचार, आमी कवापासनं हावोत.” आवाज चढला नव्हता. रत्नाला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मावशी, तुमचं नाव मीच काढलंय,” शेवटी रत्ना म्हणाली. “मार्चमध्ये. तुम्ही कायमचे गेलात असं लिहिलं. अकराही घरं.”

“तू?”

“मी. वरून जोर होता. पण बटण मी दाबलं.”

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. मग उठली, दिशाच्या खांद्याला धरून. “दर साल येतो आमी,” एवढंच म्हणाली आणि दोघी गेल्या. बाहेर दोन माणसं घरपट्टीच्या पावतीसाठी उभी होती, त्यांना तिनं विनाकारण झापलं.

शुक्रवार उजाडला. सकाळी दहाला यादी पडली, गाव हिरवं, बाजूला टाळ्यांची चित्रं. रत्ना ऑफिसात आली, ड्रॉवर उघडला. भाऊसाहेबांची डिजिटल सही एका बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते, आणि दोन गावांच्या धावपळीत ते डोंगल कायम रत्नाच्या ड्रॉवरमध्येच पडलेलं असतं. रोज वीस वेळा ती ते लावते, विचारत नाही. आज तिनं फोन लावला.

“भाऊसाहेब, दुरुस्ती टाकतेय. तुमचं डोंगल माझ्याकडं आहे. नको असेल तर येऊन काढून घ्या.”

“थांबा, वहिनी, थांबा. मी निघालो.”

भाऊसाहेब दुसऱ्या गावात, मोटरसायकलवर पाऊण तास. रत्नानं डोंगल लावलं. अकरा वेळा कॉम्प्युटरनं विचारलं, ‘खात्री आहे?’ याही वेळी अकराही वेळा तिनं हो म्हटलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘कुटुंबे गावचीच आहेत. आधीची नोंद चुकीची होती.’ दहा वाजून चाळीस मिनिटांनी गाव लाल झालं.

आणि मग काय झालं ते ऐका. गळक्या छताचे तीन अर्ज ज्यांना दिसले नव्हते, त्यांना हा लाल ठिपका बसल्या जागी दिसला. भाऊसाहेब येऊन धापा टाकताहेत तोवर तालुक्याची जीप दारात. विस्तार अधिकारी वैजयंती मॅडम उतरल्या. रत्ना अकरा वर्षांत त्यांना पहिल्यांदा बघत होती.

“कोणी केलं हे?”

“मी,” रत्ना म्हणाली.

“साडेतीनला आढावा आहे माझा. वर काय सांगू?”

“अकरा घरांचे फोटो काढले की परत हिरवं होईल, मॅडम. माणसं गावातच आहेत.”

मॅडमनी घड्याळ बघितलं. “चला मग,” म्हणाल्या. “उभ्या काय राहिलात.”

तो दिवस गाव विसरणार नाही. मॅडम उंच टाचेची चप्पल घालून माळावरचा मुरूम तुडवताहेत. धनगरवस्तीची माणसं कळपांमागं चार दिशेला पांगलेली, आणि फोटोत तर सगळं घर पाहिजे. मग भाऊसाहेबांनी एकेकाला मोटरसायकलवर घालून आणायचा सपाटा लावला. माणसं आणली तर मेंढरं कोण बघणार? रत्नाच्या वावरात म्हस्कूच्या दीडशे मेंढरांपाशी शेवटी सरपंच सयाजीराव उभे राहिले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, हातात म्हस्कूची काठी. “सयाजी, ती चुकार मेंढी बग, हरभऱ्याच्या भुशात तोंड घालतीय,” असं कुशाबाई बांधावरून त्यांना सांगत होती, आणि ते बिचारे पळत होते.

बाळाबाईच्या दाराला कुलूप, किल्ली कोकणातून येताना वाटेत कुठं पडलेली. कुलूप फोटोत आलं तर मोबाईल म्हणतो घर बंद आहे. “आजी, कुलपाच्या पुढं उभ्या राहा,” मॅडम म्हणाल्या. बाळाबाई राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मोबाईलकडं अशी बघत राहिली की मॅडमनीच नजर खाली घेतली. रेंज नव्हती, म्हणून भाऊसाहेब दगडावर चढून मोबाईल वर धरून उभे राहिले. तीन वाजून दहा मिनिटांनी अकरावं घर चढलं. चारशे बारापैकी चारशे बारा. मॅडम जीपमध्ये बसल्या, काच खाली न करता गेल्या. दिशाचं नाव त्यांनी दिवसभरात एकदाही विचारलं नाही.

रत्ना धावतच ऑफिसात आली. दाखला छापला, वास्तव्य पंधरा वर्षांहून अधिक. दिशानं तिथंच बसून तो चढवला, चार वाजून वीस मिनिटांनी पोच आली. पोरीचे डोळे भरले. ती रत्नाच्या पाया पडायला वाकली तशी रत्नानं तिला दंडाला धरून वर ओढलं. “माझ्या नको,” ती म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

सोमवारी नोटीस आली. ‘वरिष्ठांच्या परवानगीशिवाय ग्रामपंचायतीचा प्रगती निर्देशांक कमी केल्याबद्दल खुलासा सादर करावा.’ जोडीला एक आलेख. मार्चअखेरपासून जूनपर्यंत सरळ शंभराची रेघ, मग शुक्रवारी साडेचार तासांचा खड्डा, मग परत सरळ. त्या खड्ड्याला लाल वर्तुळ केलेलं. रत्नानं तो कागद आदेशला, तिच्या नवऱ्याला दाखवला. “अडीच महिने खोटं होतं तिथं रेघ सरळ आहे,” ती म्हणाली, “आणि खरं लिहिलं तेवढाच खड्डा.” आदेशनं कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, “खुलाशात हेच लिही.” तिनं तेच लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि मार्चमध्ये तिचं कंत्राट पुढं चालू राहणार की नाही, हेही कुणी सांगत नाही.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी बाळाबाई ऑफिसात आली, एकटीच. दिशा पुण्याला होती. बाहेर घोडी लादलेली उभी होती, म्हस्कू लगाम धरून.

“आमी चाललो,” बाळाबाई म्हणाली. “परत येनार हाये. तेवडं लिव.”

रत्नानं कॉम्प्युटरकडं बघितलं. नोंदीची दुसरी फेरी सुरू झाली होती, फॉर्म नवा होता, रंग बदलले होते. खाने तीनच. पूर्ण, प्रलंबित, कायम स्थलांतरित. तिला इतका संताप आला की तिनं स्क्रीनच बंद केला.

मग ती उठली, प्रिंटर एका हातानं उचलला आणि खालचं हालचाल रजिस्टर ओढून काढलं. प्रिंटर कलंडायला लागला, तेव्हा कपाटाला टेकवलेली सन्मानपत्राची फ्रेम तिनं त्याच्याखाली सारली. रजिस्टरवरची धूळ पुसली, कोरं पान उघडलं. रकाने आधीचेच छापलेले होते. नाव. कुठे. निघाल्याची तारीख. परत येण्याची तारीख.

“सांगा, मावशी. पहिल्या घरापासून.”

बाळाबाईनं अकरा घरं सांगितली, कारभाऱ्याच्या नावानिशी, कुणाची माणसं किती, तेही. रत्ना लिहीत गेली. शेवटच्या रकान्यापाशी थांबली.

“कधी येणार लिहू?”

“जेठात. आमी मातूर यंदा जरा आदी. दिशीला सुट्टी लागंल तवा.”

रत्नानं तसंच लिहिलं. शाईचा पॅड पुढं केला. बाळाबाईनं अंगठा उठवला, पदराला पुसला, आणि गेली नाही.

“वाच बरं,” ती म्हणाली.

रत्नानं वाचलं. अकराही ओळी, पहिल्या नावापासून, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी परत कधी येणार तेही. बाळाबाई दाराला टेकून शेवटची ओळ होईपर्यंत ऐकत होती. मग बाहेर जाऊन तिनं म्हस्कूला घोडी हाकायला सांगितली.